नॉर्वेजियन वंशाचे नामवंत अमेरिकन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मिनेसोटात नवीन आलेली मराठी मंडळी, शाळेच्या प्रोजेक्टवाली मुलं आणि पुण्या-नाशिकचे क्विझवाले, या तिघांकडून फिरून फिरून तेच प्रश्न येतात म्हणून एकदाच सगळं लिहून टाकलंय. सोपे प्रश्न वरती, डोकं खाणारे खाली. तेच दळण दोनदा नको म्हणून जिथे लागेल तिथे दुसऱ्या प्रश्नाचा नंबर दिलाय.

१. नॉर्वेजियन-अमेरिकन म्हणायचं तरी कोणाला?

तीन प्रकारची माणसं एकाच पोत्यात भरतात आणि घोळ तिथूनच सुरू होतो. काही जण नॉर्वेत जन्मले आणि अमेरिकेत नाव कमावलं, जसे अमेरिकन फुटबॉलचे कोच नूट रॉकनी किंवा रसायनशास्त्रज्ञ लार्स ऑन्सागर. काहींचे आईवडील, निदान दोघांपैकी एक जण तिकडून आलेला, जसे सरन्यायाधीश अर्ल वॉरन किंवा हॉटेलवाले कॉनरॅड हिल्टन. आणि काहींचे आजोबा-पणजोबा आलेले, जसे नॉर्मन बोरलॉग. मी तिन्ही धरलेत, फक्त कोण कुठल्या खात्यातलं ते शक्य तिथे सांगितलंय. कुठेतरी सात पिढ्यांमागे एक नॉर्वेजियन खापरपणजी सापडली म्हणून यादीत घुसवलेले नटनट्या मात्र सोडून दिलेत, तसं धरलं तर अर्धा मिनेसोटा नामवंत होईल.

आकडा विचाराल तर आज स्वतःला नॉर्वेजियन वंशाचे सांगणारे अमेरिकन साधारण ४० ते ४५ लाख, आणि खुद्द नॉर्वेची लोकसंख्या ५५ लाखांच्या आसपास.

२. हे लोक अमेरिकेला गेले कधी आणि का?

पहिली ठरवून गेलेली टोळी १८२५ ची. जुलैच्या सुरुवातीला स्टाव्हँगर बंदरातून रेस्टोरेशन नावाचं जेमतेम ५४ फुटी गलबत निघालं, त्यात ५२ माणसं, वाटेत एक बाळ जन्मलं, आणि ९ ऑक्टोबरला न्यूयॉर्कला पोचले. पोचल्या पोचल्या कॅप्टनला अटक, कारण एवढ्याशा गलबतात एवढी माणसं कोंबणं अमेरिकेच्या कायद्यात बसत नव्हतं. शेवटी राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स यांनी माफी दिली तेव्हा गलबत सुटलं. या लोकांत क्वेकर पंथाचे बरेच होते, त्यामुळे धर्माचा जाच हे एक कारण.

पण पुढे जी लाखांनी माणसं गेली ती धर्मासाठी नाही, जमिनीसाठी. नॉर्वेत पिकाऊ जमीन तीन-चार टक्के, बाकी डोंगर आणि खडक. १८०१ ला लोकसंख्या नऊ लाखांच्या आत होती ती १९०० पर्यंत बावीस लाखांच्या घरात गेली, शेत मोठ्या मुलाला, आणि बाकीच्यांनी दुसऱ्याच्या शेतावर राबायचं. त्यात १८६२ च्या होमस्टेड कायद्याने अमेरिका सांगू लागली की पाच वर्षं राहा, कसा, १६० एकर तुमचे. कोण थांबेल? १८२५ ते १९३० मध्ये आठ लाखांहून जास्त लोक गेले. लोकसंख्येच्या मानाने बघितलं तर युरोपात आयर्लंडच्या खालोखाल नॉर्वेच रिकामा झाला.

३. मग सगळे मिनेसोटा, विस्कॉन्सिन, डकोटा याच भागात का दिसतात? थंडी आवडते म्हणून?

थंडीची सवय होती हे खरं, पण ते गेले त्या काळात फुकट जमीन जिथे होती तिथे ते गेले, एवढं साधं आहे. आधी इलिनॉयमधली फॉक्स नदी, मग विस्कॉन्सिन, मग आयोवा-मिनेसोटा, मग डकोटा. एका गावातल्या चार घरांनी पत्रं पाठवली की मागून अख्खं खोरं यायचं.

आणि ती जमीन रिकामी नव्हती. १८६२ ला डकोटा आदिवासी आणि अमेरिकी सरकार यांच्यात झालेल्या युद्धानंतर मिनेसोटातल्या मॅन्काटोला ३८ डकोटा पुरुषांना एकाच दिवशी फाशी दिलं आणि नंतर डकोटा लोकांना मिनेसोटातून हाकलून लावलं. नॉर्वेजियन शेतकऱ्यांच्या कष्टाच्या गोष्टी सांगताना हा भाग बहुतेक ठिकाणी गाळलेला असतो, म्हणून इथे लिहिला. सगळेच तिकडे गेले असंही नाही, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये आणि सिअ‍ॅटलच्या बॅलार्डमध्ये खलाशी-मच्छीमार नॉर्वेजियनांची मोठी वस्ती होती, टेक्ससमध्येही होती.

४. एकच नाव सांगायचं तर कोणाचं?

नॉर्मन बोरलॉग. यावर वाद घालायला या, पण मी हलणार नाही.

जन्म १९१४, आयोवात, क्रेस्कोजवळच्या नॉर्वेजियन वस्तीत. पणजोबा-पणजी १८५४ मध्ये सोग्न भागातून निघालेले. शिक्षण एका खोलीच्या शाळेत सुरू झालं, मिनेसोटा विद्यापीठात कुस्ती खेळत खेळत वनस्पतींच्या रोगांवर डॉक्टरेट केली. १९४४ ला मेक्सिकोत गेले तांबेऱ्याला दाद न देणारा गहू शोधायला. तिथे त्यांनी जे केलं ते वाचून तेव्हाच्या तज्ज्ञांनी कपाळाला हात लावला होता. पुस्तकी नियम असा की बियाणं जिथे पेरायचं त्याच हवेत तयार करायचं. बोरलॉग उन्हाळ्यात मेक्सिको सिटीजवळच्या उंच डोंगराळ भागात पेरणार, पीक काढलं की बी उचलून हिवाळ्यासाठी पार वायव्येला, समुद्रसपाटीलगतच्या याकी खोऱ्यात नेणार. वर्षाला दोन पिढ्या हातात, म्हणजे अर्धा वेळ वाचला. आणि वर एक भलतीच गोष्ट पदरात पडली: दोन्हीकडे दिवस लहान-मोठा, हवा वेगळी, तरी जे तग धरून राहिलं ते वाण कुठेही चालणारं निघालं. मग त्यात नोरिन १० या जपानी बुटक्या गव्हाचा गुण आणला, कारण जास्त खत दिलं की उंच गहू लोंबीच्या वजनाने आडवा पडायचा. बुटका पडत नाही.

आपला संबंध इथेच येतो. १९६६ ला भारताने मेक्सिकोहून १८,००० टन गव्हाचं बियाणं आणलं, मंत्री सी. सुब्रमण्यम, शास्त्रज्ञ एम. एस. स्वामिनाथन. १९६५ ला देशात गहू व्हायचा सव्वा कोटी टनांच्या आसपास, १९७० ला दोन कोटी टन. कल्याणसोना, सोनालिका ही नावं घरातल्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला विचारा, लगेच ओळखेल, ती याच मेक्सिकन गव्हातून इथे निवडून काढलेली. लाल मिलोवर (अमेरिकेहून आलेली लाल ज्वारी) काढलेल्या दिवसांच्या आठवणी ज्यांच्या घरात आहेत त्यांना जास्त सांगायला नको.

१९७० ला शांततेचं नोबेल मिळालं, आणि ते ऑस्लोत देतात, म्हणजे पणजोबांच्या देशात जाऊनच घेतलं. बातमी घेऊन बायको शेतावर पोचली तेव्हा हे प्लॉटमध्ये उभे होते, आधी विश्वासच बसेना, मग परत कामाला लागले. २००६ ला भारताने पद्मविभूषण दिलं. पंजाबात पाणी खाली गेलं, खतं-औषधांचा मारा वाढला हे आक्षेपही खरेच आहेत आणि त्यावर भांडण अजून चालू आहे, पण सव्वा कोटीचे दोन कोटी झाले नसते तर काय झालं असतं हेही विचारायला हवं.

५. यांच्यातला कोणी राष्ट्राध्यक्ष झालाय का?

नाही. नॉर्वेजियन घराण्यातला म्हणता येईल असा एकही नाही. उपाध्यक्षपदापर्यंत मात्र दोघे पोचले आणि दोघेही मिनेसोटाचे.

ह्यूबर्ट हम्फ्री, १९६५ ते १९६९, लिंडन जॉन्सन यांच्याबरोबर. आई नॉर्वेत, क्रिस्तियान्सांड भागात जन्मलेली. १९४८ च्या डेमोक्रॅटिक अधिवेशनात नागरी हक्कांवर केलेल्या भाषणाने देशभर नाव झालं, दक्षिणेचे काही प्रतिनिधी सरळ उठून बाहेर गेले. १९६८ ला निक्सनकडून हरले. वॉल्टर मोंडेल, १९७७ ते १९८१, कार्टर यांच्याबरोबर, घराण्याचं मूळ फ्यॅरलांडच्या मुंडाल गावात आणि आडनावही त्यावरूनच. १९८४ ला रेगनसमोर उभे राहिले आणि ५० पैकी ४९ राज्यं हरले, स्वतःचं मिनेसोटा तेवढं राखलं. पण त्याच निवडणुकीत जेराल्डिन फेरारो यांना उपाध्यक्षपदाची उमेदवारी देऊन मोठ्या पक्षाच्या तिकिटावर पहिल्यांदा बाई उभी केली ती मोंडेलनीच.

गंमत म्हणजे १९४८ ला रिपब्लिकनांकडून उपाध्यक्षपदाला कोण उभं होतं? अर्ल वॉरन. तेही हरले. त्यांच्याबद्दल पुढच्या प्रश्नात.

६. अर्ल वॉरन चांगले की वाईट? दोन्ही वाचायला मिळतं.

दोन्ही बरोबर वाचलंत. वडील नॉर्वेत जन्मलेले, आई स्वीडिश. १९५३ ते १९६९ अमेरिकेचे सरन्यायाधीश. १९५४ ला शाळांमधला काळा-गोरा भेद घटनाबाह्य ठरवणारा निकाल त्यांच्याच कोर्टाचा, आणि सगळ्यात मोठी करामत अशी की तो निकाल नऊच्या नऊ न्यायाधीशांच्या एकमताने लागला, एकाचंही वेगळं मत नाही. अटक करताना पोलीस आरोपीला त्याचे हक्क वाचून दाखवतात ते सिनेमात बघता ना, तेही वॉरन कोर्टामुळेच, १९६६.

पण हाच माणूस १९४२ ला कॅलिफोर्नियाचा अ‍ॅटर्नी जनरल होता आणि जपानी वंशाच्या लोकांना घरातून उचलून छावण्यांत टाकावं यासाठी जोर लावणाऱ्यांत पुढे होता. त्यातले बहुतेक अमेरिकेचे नागरिक होते. पुढे आठवणींत त्यांनी पश्चात्ताप लिहिला, तो छापून आला ते मरणानंतर. माझ्या मते पहिली बाजू सांगणाऱ्याने दुसरी गाळू नये, उलटही तसंच.

७. नोबेल मिळालेले किती आणि कोण?

यादी कोण बनवतो त्यावर आकडा बदलतो (प्रश्न १ बघा), म्हणून महत्त्वाचे सांगतो.

अर्नेस्ट लॉरेन्स, भौतिकशास्त्र, १९३९. साउथ डकोटातल्या कँटन गावचे, आजोबांची पिढी नॉर्वेहून आलेली. सायक्लोट्रॉन, म्हणजे अणूतले कण गोल फिरवून त्यांना वेग देणारं यंत्र, यांचा. पहिलं चालणारं मॉडेल हाताच्या पंजावर मावेल एवढं होतं, नंतरची यंत्रं इमारतीएवढी झाली. युद्धामुळे स्वीडनला जाता आलं नाही म्हणून नोबेल बर्कलीतच दिलं. त्यांच्या घरासमोरच मर्ल ट्यूव्ह राहायचा, तोही नॉर्वेजियन, दोघं पोरं मिळून रेडिओ जोडत बसायची, तोही पुढे नावाजलेला भौतिकशास्त्रज्ञ झाला. एवढ्याशा गावातल्या एका गल्लीतून दोन!

लार्स ऑन्सागर, रसायनशास्त्र, १९६८, जन्म ऑस्लोचा. यांची गोष्ट मला फार आवडते. येल विद्यापीठाने नोकरी दिली आणि मग लक्षात आलं की या माणसाकडे पीएचडीच नाही. आता काहीतरी लिहून द्या म्हटलं तर यांनी असं गणित लिहून दिलं की रसायनशास्त्रवाले आणि भौतिकशास्त्रवाले एकमेकांकडे बघत बसले, शेवटी गणित विभाग म्हणाला तुम्ही देत नसाल तर डिग्री आम्ही देतो.

ख्रिश्चन अ‍ॅन्फिन्सेन, रसायनशास्त्र, १९७२, आईवडील नॉर्वेजियन. ईवार येवर, भौतिकशास्त्र, १९७३, जन्म बर्गनचा, आधी कॅनडा मग अमेरिका. बोरलॉग वर आलेत.

ग्लेन सीबॉर्ग यांचं नाव बऱ्याच याद्यांत घुसवलेलं असतं, ते स्वीडिश वंशाचे आहेत, काढून टाका.

८. खेळात कोण?

नूट रॉकनी. जन्म व्हॉस, १८८८, पाच वर्षांचा असताना शिकागोला. नोत्र दाम कॉलेजचे फुटबॉल कोच म्हणून १०५ जिंकले, १२ हरले, ५ बरोबरीत. ३१ मार्च १९३१ ला कॅन्सासमध्ये विमान पडून गेले. त्या विमानाचे पंख लाकडी होते आणि आतून कुजत चाललेले, एवढा लाडका माणूस गेल्यामुळे देशभर बोंब झाली आणि लाकडी पंखांची प्रवासी विमानं मोडीत निघाली, अपघाताचे तपास जाहीर करण्यावर दबाव आला.

बेब डिड्रिक्सन. टेक्ससमध्ये जन्म, आईवडील नॉर्वेहून आलेले. १९३२ च्या राष्ट्रीय अ‍ॅथलेटिक्स स्पर्धेत ही एकटी पोरगी एका विमा कंपनीची ‘टीम’ म्हणून उतरली, तिचे ३० गुण, आणि दुसऱ्या नंबरच्या टीमचे २२, ज्यात बायका होत्या बावीस. त्याच वर्षी लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये भालाफेक आणि ८० मीटर अडथळ्यांत सोनं. उंच उडीत बरोबरीच झाली होती पण उडी मारायची पद्धत नियमात बसत नाही म्हणून रुपं दिलं. मग गोल्फकडे वळली आणि तिथेही राणी. १९५३ ला कॅन्सरचं ऑपरेशन, १९५४ ला यूएस वुमेन्स ओपन जिंकली. १९५६ ला गेली, वय अवघं पंचेचाळीस.

सोन्या हेनी, १९२८, १९३२, १९३६ अशी तीन ऑलिंपिक सुवर्णं फिगर स्केटिंगची, पण तीनही नॉर्वेसाठी, अमेरिकन नागरिक १९४१ ला झाली. हिटलरशी हस्तांदोलन केलं म्हणून नॉर्वेत तिच्यावरचा राग बरीच वर्षं गेला नाही. यान स्टेनेरूड स्की जंपिंगच्या स्कॉलरशिपवर मोंटानाला आला आणि निव्वळ बॉलला किक मारून अमेरिकन प्रो फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये गेला.

लान्स आर्मस्ट्राँग? जन्माचं आडनाव गंडरसन, बापाकडून नॉर्वेजियन, आर्मस्ट्राँग हे सावत्र बापाचं. डोपिंगमुळे सायकल शर्यतीतली टूर द फ्रान्सची सातही विजेतेपदं काढून घेतलीत, तरी वंश काही काढून घेता येत नाही, म्हणून यादीत ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा.

९. हॉलिवूडमधले सांगा ना!

जेम्स आर्नेस आणि पीटर ग्रेव्ह्ज हे दोघं सख्खे भाऊ, हे पहिल्यांदा कळलं की सगळे उडतात. मिनियापोलिसचे, घरचं आडनाव ऑर्नेस. एकाने वेस्टर्न मालिकेत वीस वर्षं मार्शलचं काम केलं, दुसरा गुप्तहेरांच्या मालिकेत टेपवरून कामगिरी ऐकायचा. बॉब फॉसी, नाचाचा बादशहा, बाप नॉर्वेजियन-अमेरिकन, १९७३ या एकाच वर्षात ऑस्कर, टोनी आणि एमी तिन्ही. रेने झेल्वेगरची आई नॉर्वेच्या अगदी उत्तर टोकाकडची, सामी (तिथले मूळ रहिवासी) आणि क्वेन (फिनिश मुळाचे) वंशाची, म्हणजे नॉर्वेतून आलेला प्रत्येक जण ‘व्हायकिंग’ नसतो हे सांगायला चांगलं उदाहरण.

१०. मेरिलिन मन्रो नॉर्वेजियन होती ना? नॉर्वेतल्या हाउगेसुंडला तिचा पुतळा आहे!

पुतळा आहे, नातं नाही. जन्मदाखल्यावर तिचं नाव नॉर्मा जीन मॉर्टेन्सन, कारण आईच्या दुसऱ्या नवऱ्याचं आडनाव ते. हा मॉर्टेन्सन हाउगेसुंडकडचा असं म्हणून तिथल्या लोकांनी बंदरावर तिला बसवली. पण दोघं तिच्या जन्माच्या बरंच आधी वेगळे झाले होते. खरा बाप आईच्या ऑफिसातला चार्ल्स स्टॅन्ली गिफर्ड असं बोललं जायचंच, २०२२ ला डीएनए तपासणीतही तेच निघालं. तेव्हा क्विझमध्ये हा प्रश्न टाकू नका, मारामारी होते.

११. आडनावावरून ओळखता येतं का? ‘सेन’ म्हणजे नॉर्वे आणि ‘सन’ म्हणजे स्वीडन?

कागदावर हो, अमेरिकेत नाही. ‘सेन’ डेन्मार्कमध्येही आहेच, आणि अमेरिकेत आल्यावर नॉर्वेजियनांनी ‘सेन’चं ‘सन’ करून टाकलं, डिड्रिक्सेनची डिड्रिक्सन झाली तशी. शिवाय नॉर्वेत लोक शेताचं नाव लावायचे आणि शेत बदललं की नाव बदलायचं, कायमचं एक आडनाव घ्यायची सक्ती झाली ती १९२३ च्या कायद्याने. त्यामुळे इंग्रजी वाटणारं नाव नॉर्वेजियन निघतं (प्रश्न १२ मधलं हिल्टन), आणि सेनेटर हेन्री जॅक्सन यांचे वडील मुळात ग्रेसेथ निघतात.

नेहमी चुकणारी नावं एकदाच लिहून घ्या. चार्ल्स लिंडबर्ग स्वीडिश. बझ ऑल्ड्रिन स्वीडिश. न्यायमूर्ती रेनक्विस्ट स्वीडिश. व्हिगो मॉर्टेन्सनचे वडील डॅनिश, स्कार्लेट योहान्सनचेही डॅनिश. अंतराळवीर पाहिजेच असेल तर नासाच्या मर्क्युरी मोहिमेच्या पहिल्या सात जणांतला डीक स्लेटन घ्या, त्याच्यात नॉर्वेजियन रक्त आहे.

१२. धंद्यात आणि इंजिनिअरिंगमध्ये कोणी आहे का, की सगळे शेतकरी आणि पुढारी?

आहेत की. कॉनरॅड हिल्टन यांचे वडील गुस ऑस्लोजवळच्या उलेनसाकेरमधून आले, आणि तिथे हिल्टन नावाचं शेत आहे, म्हणजे मुंबईपासून न्यूयॉर्कपर्यंत हॉटेलांवर जी पाटी दिसते ती एका नॉर्वेजियन शेताची. १९१९ ला हे टेक्ससच्या सिस्को गावात बँक विकत घ्यायला गेले, सौदा फिसकटला, झोपायला हॉटेलात गेले तर तेल कामगारांची एवढी गर्दी की खोली मिळेना. बँक राहिली बाजूला, हॉटेलच घेतलं.

आर्थर अँडरसन, ज्यांच्या ऑडिट कंपनीचं नाव सीए लोकांना एनरॉनमुळे पाठ आहे, तेही नॉर्वेजियन आईबापांचे. कंपनी १९१३ ची, बुडाली २००२ ला, हे स्वतः १९४७ लाच गेलेले, त्यामुळे एनरॉनचं पाप त्यांच्या माथी मारू नका. ओले एव्हिनरूड, लहानपणी नॉर्वेहून आले, होडीच्या मागे लावायची मोटर १९०९ पासून विकायला लागले. गोष्ट अशी सांगतात की पिकनिकला आईस्क्रीम आणायला होडी वल्हवत गेले आणि परत येईपर्यंत सगळं वितळलं.

ओले सिंगस्टाड माहीत नसतील, पण जर्सी सिटीत राहून मॅनहॅटनला कामाला जाणारे आपले शेकडो लोक त्यांच्या कामातून रोज जातात. हॉलंड टनेलमध्ये गाड्यांच्या धुराने माणसं गुदमरतील हा प्रश्न सुटत नव्हता. त्यांनी रस्त्याखालून ताजी हवा सोडायची आणि छतातून घाण हवा ओढायची अशी रचना केली, ८४ पंखे, दर दीड मिनिटाला आतली सगळी हवा बदलते. आधीचे दोन मुख्य इंजिनिअर काम चालू असतानाच वारले, सिंगस्टाडनी पुरं केलं, १९२७.

१३. फारसा कोणाला माहीत नसलेला पण भारी माणूस?

स्नोशू थॉम्प्सन. जन्म १८२७, तेलेमार्क, दहा वर्षांचा असताना अमेरिकेत. सोनं शोधायला कॅलिफोर्नियात गेला, मिळालं नाही. तेव्हा हिवाळ्यात सिएरा नेवाडाचे घाट बंद व्हायचे आणि पलीकडच्या लोकांना चार-पाच महिने एक चिठ्ठी मिळायची नाही. यानं लहानपणी बघितलेलं आठवून ओकच्या फळ्या तासून दहा फुटी स्की बनवले आणि १८५६ च्या जानेवारीत टपाल पाठीवर घेऊन निघाला. प्लेसरव्हिल ते डोंगरापलीकडचं जिनोआ, ९० मैल, जाताना तीन दिवस, येताना दोन. पांघरूण नाही, बंदूक नाही, खिशात बिस्किटं आणि सुकं मांस. रात्री एखादं वाळलेलं झाड पेटवायचं, खाली फांद्या अंथरायच्या, पाय विस्तवाकडे करून झोपायचं. एकदा एका झोपडीत पाय गोठलेला माणूस सापडला तर जिनोआतून माणसं आणून त्याला खाली नेलं, तिथे डॉक्टर म्हणाला पाय कापावे लागतील पण क्लोरोफॉर्म नाही, तर हा पुन्हा डोंगर ओलांडून सॅक्रामेंटोहून तो घेऊन आला.

वीस वर्षं असं केलं आणि सरकारने कबूल केलेले पैसे कधीच दिले नाहीत. वॉशिंग्टनला जाऊन खेटे घातले, तोंडाला पानं पुसली. १८७६ ला गेला.

१४. हान्स क्रिस्तियन हेग गुलामगिरीच्या विरोधात होते तर त्यांचा पुतळा का पाडला?

हा प्रश्न २०२० पासून सतत येतो. हेग नॉर्वेतल्या लिअरचे, लहानपणी विस्कॉन्सिनला आले, गुलामगिरीचे कट्टर विरोधक, यादवी युद्धात १५ व्या विस्कॉन्सिन रेजिमेंटचे कर्नल. ही रेजिमेंट जवळजवळ पूर्ण स्कँडिनेव्हियन, ‘ओले’ नावाचे एवढे जण होते त्यात की ओले म्हणून हाक मारली तर अर्धी कंपनी वळायची. सप्टेंबर १८६३ ला चिकमॉगाच्या लढाईत गोळी लागून गेले.

जून २०२० ला मॅडिसनमध्ये वंशभेदाविरुद्धच्या आंदोलनात जमावाने त्यांचा पुतळा ओढून पाडला, डोकं तोडलं आणि धड तळ्यात टाकलं. बरेच जण म्हणतात की त्यांना हेग कोण हेच माहीत नव्हतं. काही आंदोलकांचं म्हणणं मात्र वेगळं होतं: राज्य पुतळ्यांमधून आपण किती पुढारलेले हे मिरवतं आणि आज काळ्या लोकांची स्थिती काय ते बघत नाही, राग त्यावर होता. मला त्यांचा राग समजतो, निवडलेला पुतळा नाही समजत. २०२१ ला दुरुस्त करून परत बसवला.

१५. सगळे चांगलेच का? एखादा बदनाम?

बेल गनेस. नॉर्वेतल्या सेल्बू गावची, १८५९ चा जन्म. इंडियानात ला पोर्टला शेत घेतलं आणि नॉर्वेजियन पेपरात लग्नाच्या जाहिराती द्यायची, पैसे घेऊन या, घर विकून या. आलेले परत दिसायचे नाहीत. एप्रिल १९०८ ला घर जळालं, आत मुलांची आणि एका बिनडोक्याच्या बाईची प्रेतं. एक जण भावाला शोधत साउथ डकोटाहून आला, हट्टाने अंगण उकरायला लावलं, आणि एकामागून एक माणसं निघाली. ती बाई बेलच होती का, यावर २००८ ला डीएनए करूनही निकाल लागला नाही.

१६. बायकांची नावं कमी दिसतात, खरंच नाहीत का?

बेब डिड्रिक्सन आणि सोन्या हेनी वर आल्या (प्रश्न ८). शिवाय आग्नेस वेरगेलांड, डॉक्टरेट मिळवणारी पहिली नॉर्वेजियन बाई, झुरिच १८९०, नॉर्वेत प्राध्यापकी कोण देणार म्हणून अमेरिकेत आली आणि वायोमिंग विद्यापीठात शिकवलं. बाकी शेतावर अर्धं काम बायकांनी केलं आणि नाव नवऱ्याचं लागलं, त्यात नॉर्वेजियन वेगळे नव्हते.

१७. लीफ एरिक्सन यादीत का नाही?

कारण तो अमेरिकन नव्हता! हजार वर्षांपूर्वीचा, आइसलँडचा, आणि त्या लोकांचे पक्के पुरावे सापडले ते कॅनडातल्या न्यूफाउंडलंडमध्ये. ९ ऑक्टोबरला अमेरिकेत त्याच्या नावाचा दिवस असतो पण ती तारीख त्याची नाही, रेस्टोरेशन गलबत पोचल्याची आहे (प्रश्न २). मिनेसोटात १८९८ ला सापडलेल्या केन्सिंग्टनच्या शिळेला जाणकार बनावट मानतात, आणि ती सापडली तीही एका स्वीडिश शेतकऱ्याला.

१८. यांना नॉर्वेजियन भाषा येते का अजून?

बहुतेकांना नाही. आधी यायची, आणि चांगली यायची. थॉर्स्टाइन व्हेब्लेन, शेजाऱ्यांना दिसावं म्हणून केलेल्या खर्चावर ज्यांनी अर्थशास्त्रात झोड उठवली, ते विस्कॉन्सिनमध्ये जन्मून नॉर्वेजियन बोलत वाढले. आयोवातल्या डेकोराहून नॉर्वेजियन पेपर १८७४ ते १९७२ निघत होता. पहिल्या महायुद्धात मात्र परकी भाषेवर संशय आला. मे १९१८ ला आयोवाचे गव्हर्नर हार्डिंग यांनी फतवा काढला की शाळेत, सार्वजनिक ठिकाणी, फोनवर, चर्चमध्ये फक्त इंग्रजी. निशाण्यावर जर्मन होते, पण नॉर्वेजियन म्हाताऱ्यांना प्रवचनही कळेनासं झालं. आता उरलंय ते मुख्यतः सतरा मेची (नॉर्वेचा संविधान दिन) मिरवणूक, ओले आणि लेना या जोडप्याचे विनोद आणि नाताळचं लेफसा. लेफसा म्हणजे बटाट्याची मऊ पोळी, रेघांच्या लाटण्याने लाटतात, लांब चपट्या काठीने तव्यावर उलटतात, वर लोणी-साखर, आपल्या पोरांना पहिल्याच घासात आवडते. लुटफिस्क मात्र जपून, लाय म्हणजे क्षाराच्या पाण्यात भिजवलेला सुका कॉड मासा आहे तो, जेलीसारखा थरथरतो.

१९. जोनी मिचेलला का घेतलं नाही? आणि सोंद्रे नुरहाइमला?

जोनी मिचेल कॅनडाची, वडिलांकडून नॉर्वेजियन. यादी अमेरिकेची आहे, बस. नुरहाइम सीमेवरचा आहे. तेलेमार्कचा, आधुनिक स्कीइंगचा जनक मानतात, पण जे काही केलं ते नॉर्वेत. १८८४ ला वयाच्या साठीकडे झुकल्यावर अमेरिकेत आला, शेवट नॉर्थ डकोटात, डेन्बीजवळ पुरलंय, जिथे स्की करायला एक धड टेकडी नाही. मी त्याला धरत नाही, नॉर्थ डकोटावाले धरतात.

२०. मुलीला शाळेत ‘स्थलांतरित’ या विषयावर एक व्यक्ती घ्यायचीय, कोण घेऊ?

बोरलॉग घेऊ नका, ते तिसऱ्या-चौथ्या पिढीचे, टीचर मार्क कापतील. स्वतः स्थलांतर केलेलं पाहिजे म्हणजे स्नोशू थॉम्प्सन (प्रश्न १३), रॉकनी किंवा नूट नेल्सन. नेल्सन व्हॉसकडचेच, आईबरोबर गरिबीत आले, यादवी युद्धात जखमी झाले, मिनेसोटाचे गव्हर्नर आणि मग १८९५ ते १९२३ सेनेटर. थॉम्प्सन घेतला तर पुठ्ठ्याचे स्की करता येतील, त्याला जास्त मार्क मिळतात असा अनुभव आहे, फक्त दहा फूट खरोखर मोजू नका, गाडीत मावत नाही.